आधीच सांगितलेलं बरं

हे मी लिहिणारच नव्हते. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. कारण जिच्याबद्दल लिहितेय तिच्या हातात हे पडलं तर ती आधी विचारणार, तुला याचे किती मिळाले गं? आणि काहीच नाही मिळाले म्हटलं की तिला जास्तच संशय येणार. पण तिची भाची माझी शाळेपासूनची मैत्रीण. अर्धी हकीकत तिने सांगितली, अर्धी खुद्द आत्याने, आणि मी दोघींनाही विचारून घेतलंय. भाची म्हणाली, लिही. आत्या म्हणाली, लिही, पण माझंच लिही, तुझं काही घुसडू नकोस. तेव्हा ही आत्याची गोष्ट, आणि मी आता इथून बाजूला.

आत्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर असते. कोपऱ्यावरचं दुकान. आत शिरलं की वाफेचा आणि धुण्याच्या औषधाचा एकत्र वास येतो, डोळे जरा चुरचुरतात, आणि डोक्यावर दांडीला प्लॅस्टिकच्या पिशव्यांतले कोट ओळीने लटकत असतात. मागे इस्त्रीवाले मामा, पुढे आत्या. गिऱ्हाईक कपडा ठेवतं आणि पावती मागतं. आत्या पावती देत नाही. आधी ती कपडा दिव्याखाली पसरते, खिसे उलटे करते, कॉलर उलटवते, शिवण ओढून बघते, आणि मग गिऱ्हाइकाला वाकायला लावते. हा बाहीवरचा चहाचा डाग, तुमचा. हे अस्तर उसवलंय, आधीपासून. हे बटण वेगळ्या दोऱ्याने लावलंय, बघितलंत ना? मग म्हणा बघितलं म्हणून. गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने 'बघितलं' म्हणत नाही तोवर पावती फाटत नाही. भल्याभल्या साहेबांना तिने त्यांच्याच पँटवरच्या डागासमोर वाकवलंय. मामा तिला एक्स-रे बाई म्हणतात, आणि आता गिऱ्हाइकंही म्हणतात, फक्त ती आत गेल्यावर.

ही सवय उगाच लागलेली नाही. नवी होती तेव्हा एक माणूस कोट घेऊन आला, फार गोड बोलला, ताई काय, तुमच्या हाताला यश आहे काय. तिने न बघता पावती दिली. न्यायला आला तेव्हा मागच्या बाजूला सिगारेटचं भोक. तो दुकानात उभा राहून असा ओरडला की रस्त्यावरची माणसं थांबली, आणि मालकाने कोटाची किंमत आत्याच्या पगारातून कापली, किती तरी महिने. तेव्हापासून कोणी गोड बोललं की ती कपडा जास्त वेळ बघते. आणि तिचं एकच पालुपद, आधीच सांगितलेलं बरं, मागाहून कटकट नको.

आता घर. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, खालून दिवसभर हवा भरायच्या पंपाचा आवाज. त्यात आत्या आणि भाची. भाची म्हणजे धाकट्या भावाची मुलगी. तिची आई आजारपणात गेली, तेव्हा भाऊ पोरीला आणि एका बॅगेला घेऊन आला आणि म्हणाला, थोडे दिवस ठेव ताई, तिकडे जम बसला की नेतो. थोडे दिवस म्हणजे किती ते तो बोलला नाही, तिने विचारलं नाही. न बघता पावती दिली म्हणा. पैसे आधी दर महिन्याला आले, मग आले तर आले, मग बंद. आत्याचं लग्नबिग्न राहून गेलं ते गेलंच. पोरगी हुशार निघाली, आणि पोरगी जसजशी हुशार निघत गेली तसतशी आत्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होत गेली. हा माणूस एक दिवस येणार. पोरीला वाढवायचं आपण, तापात रात्री जागायचं आपण, आणि ती कमवायला लागली की हा दारात हजर, मी बाप म्हणून. भाचीने लहानपणी विचारलं, बाबा कुठे आहेत? आत्या म्हणाली, काय माहीत. भाचीने मग विचारणं सोडलं. आत्याला वाटलं, विसरली.

शाळेचं शेवटचं वर्ष सुरू झालं आणि शाळेतल्या बाईंनी भाचीला लवकरच्या प्रवेशाबद्दल सांगितलं. हे काय असतं ते आत्याला समजावता समजावता भाचीच्या तोंडाला फेस आला. म्हणजे असं की कॉलेजं तशी उन्हाळ्याच्या तोंडाला प्रवेश देतात. पण काही कॉलेजं म्हणतात, तुम्हाला आम्हीच हवे असू तर आधीच अर्ज करा, आम्ही आधीच उत्तर देऊ. अट एकच. आम्ही हो म्हटलं तर तुम्ही यायचंच, आणि बाकी सगळीकडचे अर्ज मागे घ्यायचे.

"आणि फी?" आत्या म्हणाली.

"घरची परिस्थिती बघून माफ करतात."

"किती माफ ते आधी सांगतात की हो म्हटल्यावर?"

"हो म्हणतात तेव्हाच सांगतात."

"म्हणजे आधी कबूल व्हा, मग किंमत सांगतो. जुनी स्कूटर विकणारा असंच बोलतो."

तरी अर्ज गेला. भाचीने भरला, आत्याने सही केली, सही करताना पेन मुद्दाम हळू चालवलं. आणि थंडी पडायच्या आत उत्तर आलं. हो. आणि वर, शंभर रुपये फी धरली तर नव्वद कॉलेज सोडणार, दहाच आपण भरायचे. ते दहा आत्याला झेपत होते. ओढाताण झाली असती, पण झेपत होते. भाची खोलीभर नाचली, खालच्या सायकलवाल्याने झाडूच्या दांड्याने छताला ठोकलं, आणि त्याच भरात तिने मोबाईल काढून बाकीच्या कॉलेजांचे अर्ज एकामागोमाग एक मागे घेऊन टाकले. अट तशीच होती. आता फक्त जागा पक्की करायचं डिपॉझिट भरायचं राहिलं होतं.

आणि इथे आत्याच्या मनात पाल चुकचुकली.

इतक्या लवकर कोण देतं? बाकी जग अजून पुस्तकं उघडतंय आणि यांना आमचीच पोरगी हवी? नव्वद सोडतात म्हणजे ते नव्वद कोणाच्या खिशातून? कोणी कोणाला फुकट शंभरातले नव्वद सोडलेले आत्याने आजवर पाहिले नव्हते, दुकानात तर लोक सुटे पैसे सोडत नाहीत. तिने भाचीच्या मोबाईलवर कॉलेजचे फोटो बघितले आणि म्हणाली, सगळी पोरं हसतायत, असं कुठे कॉलेज असतं का? मग दुकानाच्या फोनवरून कॉलेजला फोन लावला, पलीकडून हॅलो आलं की ठेवून दिला. थोड्या वेळाने परत लावला आणि आवाज बदलून विचारलं की तुमच्याकडे खरंच फी माफ होते का हो, माझ्या एका ओळखीच्या बाईंसाठी विचारतेय. पलीकडच्या मुलीने नीट उत्तर दिलं. आत्याला ते जास्तच नीट वाटलं. पाठ करून ठेवल्यासारखं.

मामांचा मुलगा कॉलेज करून आता नोकरीला लागलेला, म्हणून तिने मामांना विचारलं. मामा इस्त्रीखालची पँट न सोडता म्हणाले, बाई, तुम्हाला देव जरी भेटला ना तरी तुम्ही आधी त्याचे खिसे उलटे कराल. ती म्हणाली, करीन, आणि काही सापडलं तर त्यालाच परत देईन.

डिपॉझिट मोबाईलवरून भरायला तिचा ठाम नकार. हातात द्यायचं, समोरच्याचं तोंड बघून द्यायचं. तेव्हा सुट्टीच्या दिवशी, भाचीला न सांगता, चांगली चप्पल घालून आत्या स्वतःच कॉलेजात गेली.

मोठं आवार, कापलेलं गवत, आणि बाकांवर बसलेली पोरं. ती खरंच हसत होती. आत्याने त्यांच्याकडे जरा थांबून बघितलं, पण कारण कळलं नाही. फी माफीची खिडकी एका लांब बोळाच्या टोकाला होती. काचेपलीकडे एक तरुण मॅडम, समोर कॉम्प्युटर, बाजूला कुंडीतलं रोप. मॅडमनी तिला आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि भाचीचं नाव ऐकून म्हणाल्या, फार छान मुलगी आहे हो तुमची, तिचा निबंध आम्ही सगळ्यांनी वाचला.

गोड बोलणं. आत्या सावध झाली. पाण्याला हात लावला नाही.

"मी पैसे भरायला आलेय," ती म्हणाली, "पण त्याआधी काही गोष्टी सांगून टाकते. मागाहून म्हणू नका लपवलं म्हणून."

"सांगा ना," मॅडम हसून म्हणाल्या.

मग आत्याने भाचीला दिव्याखाली पसरलं. सांगितलं की पोरीचं एक वर्ष काविळीत गेलंय, त्यामुळे वर्गात एक वर्षाने मोठी आहे. गणितात एकदा नापास झाली होती, मग सुधारली, पण झाली होती. चष्म्याचा नंबर वाढतोय. राग लवकर येतो, आला की जेवत नाही. एका बाईंशी तिचं वाजलं होतं, चूक बाईंची होती, पण वाजलं होतं. मॅडम ऐकत होत्या, मधेच तोंडावर हात धरत होत्या, म्हणाल्या, याने काही फरक पडत नाही हो. आत्याला वाटलं, फरक पडत नाही असं म्हणतात आणि मग तेच काढतात. म्हणून तिने उरलेलंही सांगून टाकलं.

"आणि तिचा बाप आहे. कमावता आहे."

मॅडमनी स्क्रीनकडे बघितलं. "वडिलांचा संपर्क नाही, ठावठिकाणा माहीत नाही, असं लिहिलंय तिने."

"तिला माहीत नाही. मला आहे. त्याचा पत्ता तोंडपाठ आहे मला." आणि तिने तो म्हणून दाखवला. गाव, कारखाना, मागचं गेट.

मॅडमचं हसू एकदम गेलं. त्या म्हणाल्या, तुम्ही हे मला सांगायला नको होतं असं मी म्हणू शकत नाही. मग त्यांनी समजावलं. घरची परिस्थिती म्हणजे आई-वडील दोघांची. वडील सापडतच नाहीत म्हणून फक्त आत्याचा पगार धरला होता, म्हणून नव्वद माफ. आता ठिकाण माहीत आहे म्हटल्यावर दोनच वाटा. एक तर वडिलांनी पगाराचा कागद द्यायचा, मग हिशोब नव्याने होणार, माफी किती राहील सांगता येत नाही. नाहीतर त्यांनी एका छापील कागदावर सही करायची की या मुलीच्या शिक्षणाशी माझा आजवर संबंध नव्हता आणि पुढेही राहणार नाही. मग नव्वद तसेच. पण दोन्हींपैकी एक येईपर्यंत माफी थांबली. पुढच्या आठवड्याच्या शेवटापर्यंत आलं नाही तर जागा दुसऱ्याला.

आत्याने सगळं ऐकलं आणि सवयीने म्हणाली, "मी सांगितलेलं ऐकलंत ना सगळं? मग म्हणा ऐकलं म्हणून."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "ऐकलं."

बसमधून परत येताना आत्याला जिंकल्यासारखं वाटत होतं. बघा, निघालंच ना. वरून नव्वद, आणि आत ही भानगड. बरं झालं आधी कळलं, नाहीतर पोरीला दुसऱ्या वर्षाला बाहेर काढलं असतं आणि दंड मागितला असता. घरी येऊन तिने भाचीला असंच सांगितलं, चपला काढता काढता, मी त्यांना पकडलं अशा थाटात.

भाची पलंगावर बसलेली होती. ती उठली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "मी बाकीचे अर्ज मागे घेतलेत, आत्या."

"मग परत कर."

"प्रवेश उन्हाळ्यात, पण अर्ज भरायच्या तारखा गेल्या."

"पण उद्या त्यांना कळलं असतं म्हणजे? ऐन मध्यावर तुला..."

"कोणाला कळणार होतं? कोण सांगणार होतं?" भाची म्हणाली. "ते तुझं दुकान नाहीये, आत्या. तिथे कोणी तुझा पगार कापणार नव्हतं."

खाली पंपाचा आवाज चालू होता. मग भाचीने ते विचारलं, जे आत्याला वाटत होतं की विचारणार नाही.

"पत्ता आहे तुझ्याकडे. कधीपासून?"

आत्या म्हणाली, भात लावायचाय. आणि आत गेली.

त्यानंतर भाची घरात पाहुण्यासारखी वागायला लागली. ताट वाढलं की थँक यू म्हणायची. भांडलेली परवडली, रुसून जेवली नाही तरी परवडलं, पण थँक यू म्हणजे आत्याला घरात गिऱ्हाईक जेवायला बसल्यासारखं वाटायचं. दुकानात तिचं लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाचा ब्लेझर तिने न बघता घेतला, पावती फाडली, आणि तो माणूस उलट घाबरून म्हणाला, बाई, बघून घ्या ना, तुम्ही बघत नाही तर मला कसंतरी वाटतंय. मामांना तिने सगळं सांगितलं, त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. म्हणाले, कपड्यावर आहे तो डाग दाखवता ते ठीक, पण घरून शाईची दौत नेऊन तिथे ओतणारी बाई मी पहिलीच बघितली. आत्या एरवी दोन शब्द जास्तच ऐकवते. या वेळी तिने ऐकून घेतलं.

कारण तिला आता वेगळाच संशय यायला लागला होता, आणि तो तिच्या स्वतःवरच होता. पत्ता दाबून ठेवला तो पोरीसाठी, की पोरगी आपल्याकडेच राहावी म्हणून? तिने हा विचार दूर ढकलला. तो परत आला. शेवटी तिने भाचीला सांगितलं, रविवारी जाऊ, तू कागद घे, सही तो मुकाट्याने करेल असं समजू नकोस, सहीची किंमत मागेल, पर्समधले पैसे दोन ठिकाणी ठेव.

गाव तीन-चार तासांवर. बस रिकामी होती, तरी आत्याने पर्स पोटाशी धरली होती. कारखाना बर्फाचा. मागच्या गेटपाशी ट्रक उभा, जमिनीवर सगळीकडे पाणी आणि ओला भुसा, आणि आतून लोखंडी घसरगुंडीवरून बर्फाच्या लाद्या येत होत्या, दोन माणसं आकडे रुतवून त्या ट्रककडे ओढत होती. त्यातला एक गमबूट घातलेला, केस पांढरे झालेला, आत्याला वाटलं कोणी म्हातारा आहे. मग त्याने वळून बघितलं आणि आकडा खाली ठेवला.

"ताई," तो म्हणाला. मग भाचीकडे बघितलं. हात पँटला पुसले, ते ओले होते, परत पुसले, परत ओलेच.

त्याने दोघींना भिंतीच्या कडेला उन्हात उलट्या क्रेटवर बसायला सांगितलं. भाची बसली. आत्या उभीच राहिली. आत्याने भराभरा सगळं सांगितलं, कॉलेज, नव्वद, मॅडम, दोन कागद. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर होती, कुठे डोळा चमकतो का, कुठे मनात गणित चालू होतं का. त्याने फक्त विचारलं, काय शिकणार? भाची म्हणाली, जीवशास्त्र. तो म्हणाला, अच्छा, म्हणजे बेडूक वगैरे. भाचीला हसू आलं, तिने ते दाबलं. आत्याने तेही टिपलं. लाडीगोडी सुरू झाली.

"तुम्ही नंतर फोनसुद्धा का केला नाहीत?" भाचीने विचारलं. लहानपणी ही पोरगी त्याच्या पाठीवर बसून 'बाबा, तू घोडा हो' म्हणायची. आता तुम्ही. त्याने ते ऐकलं हे आत्याला दिसलं.

त्याने आत्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "कामात राहिलो. चूक झाली."

आत्या हबकली. हा खोटं बोलतोय. फोन येत होते. महिन्यातून एकदा, कधी दोनदा, किती तरी वर्षं, आणि दर वेळी आत्या म्हणायची, ती झोपलीये, ती क्लासला गेलीये, तिची परीक्षा आहे. याला ते पक्कं आठवत असणार. मग हा आपल्याला का वाचवतोय? काय हवंय याला? आज वाचवून उद्या काय मागणार? तिने त्याच्या तोंडाकडे किती तरी वेळ बघितलं. तिथे काही सापडेना. माणूस दमलेला होता, नाकाचा शेंडा गारठ्याने लाल होता, बस.

"तो खोटं बोलतोय," आत्या म्हणाली. "फोन यायचे. मी तुला दिले नाहीत. पत्ताही त्यानेच सांगितला होता, तुला दे म्हणून."

लादी घसरगुंडीवरून आली आणि खाली आदळली. भाचीने आत्याकडे बघितलं नाही, जमिनीवरच्या पाण्याकडे बघत राहिली. भाऊ म्हणाला, अगं जाऊ दे ताई, पैसे पाठवणं मीच बंद केलं होतं, तू काय म्हणून फोन देणार. ते खरं होतं. कारखाना बदलला, पगार अडकला, मग लाज वाटली, मग लाजेची सवय झाली.

मग त्याने छापील कागद हातात घेतला आणि वाचला. कागद त्याच्या बोटांनी ओला झाला. ट्रकवाल्याने हाक मारली, त्याने हात वर करून थांब म्हटलं.

"मागचं खरं आहे," तो म्हणाला. "आजवर संबंध नव्हता, हे दहा वेळा लिहून देतो. पुढचं काढ."

"काढता येत नाही. छापील आहे."

"मग यावर नाही करत. पगाराचा कागद आणतो आतून."

आत्याच्या डोळ्यांसमोर सगळं स्पष्ट झालं. हीच ती किंमत. पुढचं काढ म्हणजे पुढचं मला पाहिजे. "पगाराचा कागद दिलास की माफी कमी होणार, कळतंय का तुला? आणि ते वरचे पैसे कोण भरणार?"

"मी."

"तू," आत्या म्हणाली. एवढंच. पण त्या एका शब्दात तिने सगळी वर्षं घातली. तो खाली बघायला लागला.

तेव्हा भाची क्रेटवरून उठली. छापील कागद तिने त्याच्या हातातून घेतला, घडी घातली, पुन्हा घडी घातली. "पगाराचा कागद द्या," ती म्हणाली. "मला हे दुसरं वाक्य कॉलेजच्या कपाटात चार वर्षं पडून राहिलेलं नकोय."

"आणि माफी निम्म्यावर आली तर?" आत्या म्हणाली. "जागाच गेली तर?"

"तर गेली. तू मला विचारून गेली होतीस का तिथे? आता मी तुला विचारत नाहीये."

भाऊ आत गेला. तो येईपर्यंत आत्याची नजर मागच्या दारावर, पळून तर जात नाही ना. तो आला, कागद घेऊन, आणि सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फाचा एक तुकडा, पाण्याची बाटली गार राहील म्हणून. आत्याने बाटली दिली नाही. भाचीने दिली.

परतीच्या बसमध्ये आत्या म्हणाली, चूक केलीस. भाची म्हणाली, असेल. मग म्हणाली, तू शेवटी सांगितलंस ते बरं केलंस, पण मी अजून रागावलेली आहे. आत्या म्हणाली, राहा. पण थँक यू नको म्हणूस. आणि तिथे दोघींनाही हसू फुटलं, रडण्याच्या इतक्या जवळचं की पुढच्या सीटवरच्या बाईने वळून बघितलं.

पगाराचा कागद मॅडमकडे गेला. तीन दिवस आत्या कामावर कुणाशी धड बोलली नाही. मग हिशोब आला. नव्वदच्या जागी ऐंशी. जागा राहिली, डिपॉझिटही भरलं. वरचे दहा दर सत्राला बापाने भरायचे, तसं त्याने कॉलेजला लिहून दिलं, आणि या वेळी वाक्य त्याने स्वतः लिहिलं होतं.

भाची कॉलेजात गेली. पहिल्या सत्राचे त्याचे पैसे वेळेवर आले. आत्या म्हणाली, पहिले सगळेच वेळेवर देतात, पुढचं बघू. दुसऱ्या सत्राला उशीर झाला, आणि तारीख उलटल्याच्या दुसऱ्याच सकाळी आत्या बसमध्ये होती. बँकेला सुट्टी होती म्हणून राहिलं, असं तो म्हणाला. तिने बँकेत जाऊन दारावरचा बोर्ड स्वतः वाचला. खरंच सुट्टी होती. आता ती दर महिन्याला जाते. विचारलं तर सांगते, त्याच्यावर लक्ष ठेवायला. अजून कारखान्यात आहे ना, पगार मिळतोय ना, कुठे पळायच्या बेतात नाही ना. जाताना डबा नेते. डबा कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, खाताना माणूस खोटं बोलत नाही, त्या वेळी विचारून घेते सगळं. दोघं त्या क्रेटवर बसून जेवतात. आता ती बसते. भाची सुट्टीत त्याच गाडीने येते आणि तिसऱ्या क्रेटवर बसते, आणि बापाला कधी तुम्ही म्हणते, कधी तू, अजून नक्की ठरलेलं नाही.

विश्वास बसलाय का, असं मात्र आत्याला विचारू नका. नाही बसलेला. चार वर्षांची आठ सत्रं आहेत, ती बोटांवर मोजून दाखवते, आणि म्हणते शेवटचं भरेपर्यंत मी काही बोलणार नाही.

बास, एवढंच. आता एक करा. तुमचंही कोणीतरी असेल, ज्याला बघून वर्षं झालीत आणि ज्याच्याबद्दल सगळं तुम्ही घरी बसूनच ठरवून टाकलंय. त्याला जाऊन भेटा. फोन नको, मेसेज नको, समोर जाऊन उभे राहा. माफ वगैरे करायची गरज नाही. संशय असेल तर आहे तसा घेऊन जा, बसमध्ये त्याचं वेगळं तिकीट पडत नाही. पण जा. येत्या सुट्टीलाच.